एवाल्ड मर्कलेची मगर

एवाल्ड मर्कलेची मगर पस्तीस वर्षांनी गल्लीत परतली ती शनिवारी सकाळी, ऐन झाडलोटीच्या वेळी. आमच्याकडे शनिवारी दारापुढचा रस्ता झाडलेला दिसला नाही, तर त्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय असं लोक धरून चालतात. त्यामुळे सगळी गल्ली झाडू घेऊन बाहेरच होती, आणि ‘आम्ही काही बघितलं नाही बुवा’ म्हणायची सोय कुणालाच उरली नाही. पुढे ट्रॅक्टर, मागे दोरानं बांधलेली पोस्टखात्याची जुनी पिवळी व्हॅन, आणि व्हॅनच्या डाव्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक हिरवीगार मगर. डोक्यावर पोहण्याची टोपी, टोपीवर लाल ठिपके. खालून गंजानं तिचं पोट खाल्लेलं, पण चेहऱ्यावरचं हसू शाबूत.

ही मगर काढली होती एवाल्डच्या बायकोनं, सिग्रुननं, एकोणऐंशी साली. सिग्रुन उत्तरेकडची, समुद्रकाठची. ती हसली की तीन घरांपलीकडे ऐकू जायचं. आमच्या श्वाबियात, जर्मनीच्या या दक्षिण टोकाला, हसायचं असेल तर आधी खिडकी लावून घेतात. नवरा-बायकोनं अठ्ठ्याहत्तर साली पोस्टखात्याच्या लिलावात ती व्हॅन घेतली, एवाल्डनं आत पलंग, शेगडी, घडीचं टेबल बसवलं, आणि दोन उन्हाळे दोघं बोडेन सरोवराकाठी जाऊन राहिली. मग ऐंशी साली मगरीबद्दल नगरपालिकेत कुणीतरी तक्रार केली आणि व्हॅन एवाल्डच्या चुलतभावाच्या धान्यकोठारात गेली. पुढल्या वसंतात सिग्रुन एक सुटकेस घेऊन उत्तरेला गेली, ती गेलीच. ती का गेली याच्या गल्लीत चार कहाण्या आहेत. त्यातल्या तीन मी पसरवल्या. चौथी माझी नाही, आणि ती अगदीच फालतू आहे.

एवाल्ड म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. आयुष्यभर छपरांना पत्र्याच्या पन्हळी बसवल्या. आमच्या गल्लीतल्या एकूण एक छपराचं पाणी आजही त्यानं सांगितलं तिथेच पडतं. रस्त्यावर कुत्रं नसलं तरी लाल दिव्याला थांबणार. दुपारी एक ते तीन, आमच्याकडच्या शांततेच्या वेळेत, आणि रविवारी दिवसभर त्याच्या घरातून हातोडीचा टक्कसुद्धा ऐकू यायचा नाही. दुसरं लग्न केलं नाही. सिग्रुनचं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, आणि मी चाळीस वर्षं त्याचे केस कापले. खुर्चीत बसून माझ्यापुढे गप्प राहिलेली माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजतो.

चुलतभाऊ वारला, कोठार विकलं गेलं. भंगारवाला ट्रक घेऊन यायला तयार होता. एवाल्ड म्हणाला, घरी आणा.

पुढली दोन वर्षं ती व्हॅन त्याच्या अंगणात होती आणि मी तिच्या शेजारच्या खुर्चीत. आतल्या लाकडी फळ्यांवर भूछत्रं उगवली होती. छताच्या पोकळीत ऊदमांजरीनं घर केलं होतं आणि वायरी कुरतडून ठेवल्या होत्या. एवाल्डनं जमिनीचा पत्रा हातोडीनं ठोकून बघितला, तर हातोडीच आरपार गेली. तरी त्यानं एक एक तुकडा उकलला, वहीत चित्र काढून नंबर टाकले आणि खाली दडलेला गंज खरवडत गेला. गंजाचं गावातल्या अफवेसारखं असतं, वर दिसतो त्याच्या दसपट आत पसरलेला असतो. मी सल्ले देत होतो.

“तुला यातलं काय कळतं?” त्यानं एकदा विचारलं.

“काही नाही. म्हणून तर मोकळेपणानं सांगता येतं.”

पण मगरीच्या पोटाशी आल्यावर मी जे सांगितलं ते कुठल्याही कारागिरानं सांगितलं असतं. तो भाग कापायचा, नवा पत्रा डकवायचा, एका दिवसाचं काम. एवाल्ड व्हॅनच्या आत गेला आणि आतल्या बाजूनं जोड द्यायला लागला. वेल्डिंगची झळ बाहेर गेली तर रंग करपणार. म्हणून एक ठिपका वेल्डिंगचा, लगेच बाहेरून ओलं फडकं, मग पन्नास आकडे मोजायचे, मग पुढचा ठिपका. सगळा हिवाळा त्यात गेला. पोट वाचलं, शेपूट वाचली, पुढचे पाय वाचले. मागचा एक पाय मात्र इतका कुजलेला की तो कापावाच लागला. तिथे नवा पत्रा बसला आणि साधा पिवळा रंग. पाय मी काढून देतो म्हणालो, तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुसऱ्याच्या मृत्युपत्रावर सही करायला निघालोय.

आता अडचण नंबरप्लेटची. आमच्या गावात जुन्या, धुरकट इंजिनांना बंदी आहे. सूट फक्त वारसा म्हणून मान्य झालेल्या गाड्यांना, त्यांच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ असतो. आणि तो हवा तर गाडी जशी होती तशी पाहिजे. काही फेरफार केलाच असेल तर तो गाडीच्या पहिल्या दहा वर्षांतला पाहिजे. व्हॅन बहात्तर सालची. म्हणजे मगर ब्याऐंशीच्या आतली आहे हे दाखवायला हवं.

तपासणीला मी बरोबर गेलो. गेलो नसतो तर तुम्हाला हे कोण सांगणार? तपासनीस तरुण पोरगा होता, भांग चापून पाडलेला. गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला की असं वेल्डिंग हल्ली बघायला मिळत नाही. एवाल्डचे कान लाल झाले. मग तो पोरगा मगरीसमोर उभा राहिला आणि ही कधीची म्हणून विचारायला लागला. फोटो आहे? अल्बम सिग्रुन घेऊन गेलेली. पावती, कागद, काहीतरी? मी पुढे होऊन म्हणालो, मी शपथेवर सांगतो, रंगवताना मी समोर उभा होतो.

“आजोबा,” तो म्हणाला, “आठवणीवर शिक्का मारता येत नाही.”

चार आठवड्यांत पुरावा आणा, नाहीतर मगर घासून काढून सगळी गाडी पिवळी करून आणा, असं ठरलं.

परत येताना मी एवाल्डला म्हटलं, सिग्रुनला लिही, अल्बम तिच्याकडे असणार. तात्पुरत्या नंबरप्लेटवर तो दोन किलोमीटर गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, “छत्तीस वर्षांत तिला एक ओळ लिहिली नाही. पहिली ओळ लिहायची ती नंबरप्लेटसाठी?”

उरलेल्या वाटेवर मी समोरून येणाऱ्या गाड्या मोजत बसलो. असं क्वचित होतं, त्यामुळे माझ्या लक्षात राहिलं.

तीन आठवडे तो गाडीच्या त्या बाजूला फिरकलाच नाही. मग अंगणात पिवळ्या रंगाचा डबा आला, घासायचे कागद आले. शनिवारी झाडलोट झाली की सुरुवात करणार, एवढंच तो बोलला. बातमी गल्लीत पोचवणं हे माझं काम, मी ते केलं. समोरच्या गेर्लिंड श्टोल यांना मात्र मी कुंपणाशी उभं राहून सावकाश, दोनदा सांगितलं. बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, तालुक्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या. ऐंशी सालची तक्रार त्यांचीच. हे एवाल्ड सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, निदान गल्लीचा तसा समज होता. मगर कोठारात गेल्यापासून दर सप्टेंबरात त्या एवाल्डला प्लमचा केक नेऊन देत, आणि आम्ही त्याकडे बघून एकमेकांना कोपर मारत आलो होतो. माझं बोलणं ऐकताना श्टोलबाई गुलाबाची सुकी फुलं छाटत होत्या, त्यात एक चांगलं ताजं फूलही छाटून टाकलं.

शुक्रवारी तीन वाजता, म्हणजे दुपारची शांतता संपल्या मिनिटाला, त्या एवाल्डच्या अंगणात आल्या. अंगात चर्चला जायचा कोट, काखेत फाइल. एवाल्ड गाडीखाली होता. मी माझी खुर्ची त्यांना दिली आणि उलट्या बादलीवर बसलो. जा म्हणून मला कुणी सांगितलं नाही.

“मर्कले, बाहेर या,” बाई म्हणाल्या. “झोपलेल्या माणसाशी मला बोलता येत नाही.”

एवाल्ड बाहेर आला. बाईंनी फाइलमधून एक पातळ कागद काढला. त्यांच्या तक्रारीची कार्बन प्रत. पत्र स्वतः नेऊन दिलेलं आणि प्रतीवर पोच म्हणून नगरपालिकेचा गोल शिक्का घेतलेला: चौदा मे एकोणीसशे ऐंशी. ‘माझ्या जेवणाच्या खोलीसमोर अनैसर्गिक हिरव्या रंगाचा सरपटणारा प्राणी, टोपीसह, कायमचा उभा करण्यात आला असून रविवारचे जेवण अशक्य झाले आहे’, अशी सुरुवात.

“तारीख आहे, शिक्का आहे,” बाई म्हणाल्या. “प्राण्याचं वर्णनही आहे. जरा सविस्तरच झालंय.”

एवाल्डनं हात पुसले, कागद कडांना धरला आणि शेवटपर्यंत वाचला. “टोपीवरचे ठिपके मोजलेत तुम्ही.”

“सव्वीस. लिहायचं तर नीट लिहावं.”

“वाचलं होतं मी हे. नगरपालिकेनं मला प्रत पाठवली होती, खाली तुमची सही होती. सिग्रुननं ती चुलीत घातली.”

श्टोलबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असणार. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग सदतीस वर्षं माझा केक कसा खाल्लात?”

“केक चांगला असतो, श्टोलबाई.”

“आणि हे तीन आठवडे? रस्ता ओलांडून मागायला काय झालं होतं?”

“तुम्हाला लाज वाटली असती,” एवाल्ड म्हणाला.

मग बाईंनी तो प्रश्न विचारला, जो गल्लीत प्रत्येकानं एकमेकाला विचारला होता आणि एवाल्डला कुणीच नाही. “ती माझ्या पत्रामुळे गेली का?”

मी बादली जरा पुढे सरकवली.

“नाही,” एवाल्ड म्हणाला. “तुमच्या पत्राच्या वर नगरपालिकेची एक चिठ्ठी होती. ‘माहितीसाठी’, एवढाच शब्द. सिग्रुन म्हणाली, यात गाडी हलवा असं कुठे लिहिलंय? मी म्हटलं, कचेरी उगाच कागद पाठवत नाही. त्याच संध्याकाळी गाडी कोठारात नेली. तिला विचारलंसुद्धा नाही. ती त्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती.”

बाईंनी फाइल मिटली, पुन्हा उघडली. मग दुसरा कागद काढला. नगरपालिकेनं त्यांना पाठवलेलं उत्तर, तीन जूनचं. चार ओळी. वाहनावरील चित्रामुळे कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. वाहन योग्य जागी उभे आहे. आपल्या विनंतीचा विचार करता येत नाही. कळावे.

“हा मी कुणाला दाखवला नाही,” बाई म्हणाल्या. “हरल्याचा कागद कोण दाखवतं? आणि तोवर तुम्ही गाडी हलवलीच होती. मला वाटलं, तुम्हाला माझं म्हणणं पटलं.”

एवाल्डनं त्या चार ओळी दोनदा वाचल्या. आयुष्यभर तो कागदाच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. आणि इथे कागद त्याच्या बाजूनं, सिग्रुनच्या बाजूनं, रस्त्यापलीकडच्या कपाटात पडून होता. अंगठ्याचा तेलकट डाग कागदावर उमटला तेही त्याला कळलं नाही. चिडेल, ओरडेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होतो.

“तीन आठवडे थांबलो असतो,” तो म्हणाला, “तर गाडी इथेच राहिली असती.”

“हो, मर्कले.”

“तुम्ही आलात हे बरं केलंत. हे सोपं नव्हतं.”

“नव्हतंच,” बाई म्हणाल्या आणि फाइल बंद करून उठल्या. एवाल्डनं त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, मग पिवळा डबा उचलून आत नेऊन ठेवला.

तपासनिसानं ते पत्र उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग मगरीजवळ जाऊन बोटानं ठिपके मोजले. सव्वीस भरले. पाय तीनच कसे, म्हणून विचारलं; एवाल्ड म्हणाला, एक गंजला. पोऱ्यानं शिक्का मारला. आता पत्राची एक प्रत गाडीच्या कागदपत्रांत लावलेली आहे, आणि पोलिसानं अडवलं तर ती दाखवावी लागते. हे ऐकून श्टोलबाईंनी मला दोन दिवस ओळख दाखवली नाही, जशी काही ती अट मी घातली होती.

गाडी आता रस्त्यावर उभी असते, मूळच्या जागी. एवाल्ड अजून कुठे गेलेला नाही. शेगडी बघायची आहे म्हणतो, पडदे व्हायचेत म्हणतो.

गेल्या सोमवारी मी टपालपेटीकडे निघालो होतो, तर त्यानं माझ्या हाती एक पाकीट दिलं. पत्ता उत्तरेचा. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणजे वाचायला हरकत नसावी असा मी अर्थ घेतला. आत नगरपालिकेच्या त्या चार ओळींची प्रत होती आणि खाली त्याच्या पन्हळीसारख्या सरळ अक्षरात: ‘सिग्रुन, तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं. मी तुला विचारायला हवं होतं. एवाल्ड मर्कले.’ आडनावासकट. जणू तिच्या ओळखीत दहा-बारा एवाल्ड असावेत.

मी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. उत्तर अजून नाही. आपण वाट बघतोय असं तो बिलकूल दाखवत नाही. फक्त रोज साडेअकराला, पोस्टमन वळणावर दिसला की, त्याला मगरीच्या बाजूच्या पुढल्या चाकातली हवा तपासायची असते.