चालत येणाऱ्या बायकांसाठी

मी माझं नाव टाइप केलं. खालच्या रकान्यात आपोआप उमटलं, ‘कामवाली’. त्याच्या खाली, ‘सामानाची लिफ्ट’.

कमिटीतले सगळे हसले. माझ्या ऑफिसातले सरही हसले. त्यांचं हसणं मला जास्त लागलं.

मुलुंडमधल्या एका टॉवरचं सोसायटी ऑफिस. गेटवर येणाऱ्यांची नोंद करायचा फॉर्म मी बनवला होता, तो दाखवायला आम्ही गेलो होतो. सेक्रेटरींचं म्हणणं, जी बाई गाडीतून येत नाही तिच्यापुढे हे दोन्ही रकाने आधीच भरलेले हवेत. मी काही बोलायच्या आत सरांनी लॅपटॉप ओढून तसं करूनही टाकलं. मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. “तू स्टेशनवरून चालत आलीस ना? तुझंच नाव टाक, बघू.”

हसून झाल्यावर म्हणाले, “आता लिफ्टचा रकाना लपव. वॉचमनला तो दिसताच कामा नये, म्हणजे बदलता येणार नाही आणि पास सामानाच्या लिफ्टचाच निघेल. परवा त्याने एका बाईला आमच्या लिफ्टने सोडलं. म्हणे गुडघा सुजलाय. सामानाची लिफ्ट बंद होती तर जिने होते ना!”

माझी आई घाटकोपरला अशाच एका बिल्डिंगमध्ये भांडी घासते. तिचे गुडघे कधीच गेलेत. तिच्या पगारावर मी कॉम्प्युटर शिकले. आणि तिच्यासारखीला जिन्यावर ढकलायला यांना माझेच हात हवे होते. मला संताप आला. किळसही आली.

“नाही लपवणार.”

सर कुजबुजले, “तमाशा नको करू यार. पुढच्या महिन्यात पर्मनंट होतेयस ना?”

“होतेय, सर. तरी नाही.”

सेक्रेटरी सरांना म्हणाले, “झोपडपट्टीतली पोरं घेतली की हे असं होतं.” सरांनी मान डोलावली. माझ्यासमोर.

मी उठले. नोकरी त्याच दिवशी गेली. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने तो रकाना लपवून दिला. फॉर्म तिथे आजही चालतो.

आई चिडली. “गपचूप करून टाकायचं ना गं! आमचं अर्धं आयुष्य जिन्यातच गेलं.”

म्हणूनच नाही केलं, आई.

आता दुसरीकडे आहे, पगार कमी आहे. पुन्हा असं काम आलं तर पुन्हा उठेन. कुणाला एखाद्या बाईला जिन्याने पाठवायचंच असेल, तर त्याने गेटवर उभं राहावं आणि तिच्या तोंडावर सांगावं. माझ्या हातून ते लपवून होणार नाही.