न कापलेली पानं

नजीरचाचांविषयी मी लिहावं, इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. भद्रकालीत त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं, एवढंच ठाऊक. घर कुठे, मुलंबाळं किती, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचा मला नेहमीच संकोच. लिहायचीही सवय नाही. पण त्यांचं नाव कुठेतरी कागदावर असावं, असं आता या वयात फार वाटतं.

१९३४ साली मी मॅट्रिकला भूमितीत नापास झालो. मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेज नाही आणि पुन्हा बसायचं तर सगळेच विषय पुन्हा. इगतपुरीला रेल्वेत असलेल्या सावळीरामकाकांनी माझ्यासाठी तिथे नोकरी बघून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. वडील म्हणाले, "तुझं तू ठरव." मी ढ आहे अशी माझी खात्रीच होती, तेव्हा ठरल्यासारखंच होतं.

भूमितीचं पुस्तक तेवढं परत करायचं राहिलं होतं. काकांनी ते त्यांच्या साहेबांकडून मागून आणलेलं, विलायती. पुठ्ठा सुटला होता, म्हणून शनिवारी नजीरचाचांकडे नेलं.

त्यांनी पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे कुणी वाचलंय?"

"मी. वर्षभर."

"कसं?"

त्या काळी काही विलायती पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत; वाचणाऱ्याने सुरीने कापून घ्यायची. पण साहेबांचं पुस्तक मी कसं कापणार? आणि विचारणार कुणाला? जोडलेली पानं नळीसारखी फुगवून मी आत डोकावून वाचायचो. तसं करून दाखवलं.

"वर्तुळ कसं दिसायचं?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"अंड्यासारखं."

"मग भूमिती नाही, कोंबडी वाचलीस तू."

मी म्हणालो, "आता काय उपयोग? सोमवारी नोकरीवर जायचंय."

त्यांनी हाडाची पट्टी घेतली आणि पानं कापायला लागले.

"चाचा, साहेब रागावतील."

"त्याने कधी उघडलं असतं तर रागावला असता. विचारलंच तर सांग, नजीरने कापलं." पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, "पुठ्ठा चिकटवायची खळ शिजतेय तोवर एक पान वाच. नाही कळलं तर जा सोमवारी खुशाल."

मी पायरीवर बसलो. पान सपाट होतं, वर्तुळ गोल होतं. खळ शिजून निवेपर्यंत माझे तीन सिद्धांत वाचून झाले आणि तिन्ही कळले. घरी जाऊन वडिलांना म्हणालो, "मी पुन्हा बसतो."

पुढच्या वर्षी पास झालो. कॉलेज झालं, देवळ्याच्या शाळेत नोकरी लागली. पुढे तीस वर्षं मी भूमितीच शिकवली.

देवळ्याला निघण्याआधी एक पुस्तक बांधायला घेऊन त्यांच्याकडे गेलो. खरं तर आभार मानायचे होते, वाक्यही ठरवून ठेवलं होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली पाहिली आणि ते तोंडातच राहिलं. पुस्तक नंतर धाकट्या भावाने आणलं. वर्षभरात चाचा गेल्याचं कळलं.

त्या शेवटच्या भेटीत मी पुस्तक पुढे केलं, तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं होतं, "काय मास्तर, पानं कापलीत ना?"

"कापली, चाचा."

"मग ठेव तिकडे फळीवर. इथे खळ ओली आहे, बाहीला लागेल."