शांतवन मास्तरांची बुधली

शांतवन मास्तर जाऊन सहा आठवडे झाले. शोकसभेत त्यांच्या मुलीनं, सुवार्तानं, सगळ्यांसमोर माझे आभार मानले… "लायब्ररीत काकांनी बाबांना फार साथ दिली." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. खरं काय ते आज लिहितो.

देवास गेटजवळच्या एका लहान वाचनालयाचा संदर्भ विभाग मी सांभाळतो. मास्तर दर मंगळवारी येऊन बायबलची जाडजूड इंग्रजी शब्दसूची उघडायचे. कोणता शब्द बायबलमध्ये कुठे आला आहे, ते तिच्यात सापडतं. मराठीत तशी सूची आमच्याकडे नव्हती. वडील वारल्यावर त्यांची आई रोज संध्याकाळी एक वचन म्हणायची. त्यातला 'बुधली' एवढाच शब्द मास्तरांच्या ध्यानात उरला होता. पाद्रीबाबांना ते विचारत नसत. "आईचं वचन मुलानंच शोधायचं, भिया," मला इकडच्या बोलीत 'भाऊ' म्हणत ते सांगायचे. मग बुधलीसाठी एकेक इंग्रजी शब्द धरायचा, जार, पॉट, फ्लास्क… प्रत्येक ठिकाण मराठी बायबलमध्ये ताडून बघायचं, आणि ग्रंथातच ठेवलेल्या चिठ्ठीवर त्या शब्दावर काट मारायची.

एकदा मी म्हटलं, "बॉटल बघा ना."

"बॉटल? ती खोकल्याच्या औषधाची! शास्त्रात कुठून येणार? बरं, लिहितो तुझ्या समाधानासाठी." दोघंही हसलो.

हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका बुधवारी फोन आला, आवाज खोल गेलेला. "भिया, बॉटल राहिलीच रे बघायची. शब्दसूची दोन दिवस घरी दे."

"संदर्भग्रंथ बाहेर जात नाही, मास्तर. रूल तो रूल है. बरे व्हा, मग या."

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले… पुन्हा मागितलं नाही. ग्रंथ माझ्यापासून चार पावलांवर होता. उठून मलाच बघता आलं असतं. ते सुचलं नाही, असं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. मंगळवारी बघू, म्हटलं. मास्तर रविवारी गेले.

मंगळवारी बघितलं. दहा मिनिटं लागली. स्तोत्रसंहितेत होतं. आपली आसवं देवानं त्याच्या बुधलीत जपून ठेवावीत, अशी विनवणी… मास्तरांची आई रोज संध्याकाळी एवढंच मागत होती.

परवा तो ग्रंथ घेऊन सुवार्ताकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मग तिनं ग्रंथ बाबांच्या रिकाम्या खाटेवर ठेवला, आतली चिठ्ठी उघडली. सगळ्या शब्दांवर काट, शेवटचा 'बॉटल' तेवढा मोकळा. तिनं पेन माझ्यापुढे धरलं. "काका, तुम्हीच मारा काट."

पेन घेतलं… पण हात कागदापर्यंत गेला नाही.