टॉर्च लावला, पण उजेड पलीकडून आला नाही

दत्ताकाकांनी भर पोलीस चौकीत मला तोंडघशी पाडलं होतं.

ते आज सकाळी गेले.

काका हडपसरला गिटार रिपेअर करायचे. मूळचे सुतार. माझ्या बाबांच्या जुन्या हॉलो-बॉडी गिटारचं सगळं काम त्यांनीच केलेलं. इलेक्ट्रिक, पण आतून पोकळ, वर व्हायोलिनसारखी दोन लांब भोकं.

बाबांमागे माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. आणि ती एका शोच्या बॅकस्टेजवरून चोरीला गेली.

आठ महिन्यांनी निखिलच्या प्रोफाइलवर तीच दिसली. निखिल आमच्याच ग्रुपमधला, त्या शोलाही होता. तोच लाल-तपकिरी रंग, तीच भोकं. कडेला टवकासुद्धा तिथेच, असं मला वाटलं.

मी सरळ चौकी गाठली.

पोलिसांनी बोलावल्यावर निखिल आईला घेऊन आला. "कॅम्पातल्या एका आजोबांकडून घेतलीय."

"बिल?" हवालदारांनी विचारलं.

"सेकंडहँडचं बिल कोण देतं, साहेब?"

"खोटं बोलतोय! चोर आहे हा!" मी ओरडले.

हिंजवडीतलं त्याचं जॉइनिंग दोन आठवड्यांवर आलं होतं. बॅकग्राउंड चेकमध्ये एक केस निघाली असती की नोकरी गेली. मला माहीत होतं. खरं सांगते, मला काहीही वाटत नव्हतं.

माझा साक्षीदार म्हणून काकांना मीच बोलावलं होतं.

हवालदार म्हणाले, "सगळ्या गिटारी सारख्याच दिसतात की हो. ओळखणार कशी?"

"टॉर्च द्या. आन् ती खिडकी लावा."

काकांनी गिटार मांडीवर घेतली. "हिच्या वडलांची पार पोकळ हाय. या भोकातनं उजेड टाकला की त्या भोकातनं भाईर येतो."

निखिलच्या आईने त्याचा हात घट्ट धरला होता.

काकांनी टॉर्च लावला.

दुसरं भोक काळंच.

त्यांनी टॉर्च हलवला. पुन्हा वाकून बघितलं.

"मधी लाकडाचा ठोकळा हाय, वरपासनं खालपातुर. हे मॉडेलच येगळं. तुझी न्हाय ही, पोरी."

"नंतर बसवला असेल कोणीतरी! नीट बघा ना!"

"त्याला अख्खी गिटार उघडाय लागंल. सांधा दिसतो का कुठं?"

"काका, तुम्ही माझ्या बाजूने आलात ना?"

"मी गिटार बघाय आलो."

बस्स. त्यानंतर मी त्यांच्या दुकानाची पायरी चढले नाही. हडपसरवरून जाताना मान फिरवायचे. इतका राग. खरं तर लाज.

आज काका गेल्याचा फोन निखिलनेच केला. रडत होता.

म्हणाला, "जुनी गिटार दुकानात आली की काका आधी टॉर्च लावून बघायचे. शेवटपर्यंत. मी गेलो की विचारायचे, पोरीची सापडली का रे?"

नाही सापडली, काका.

निखिल, तुला चोर म्हणाले ते सगळ्यांसमोर. म्हणून माफीही इथे, सगळ्यांसमोर मागतेय.

आणि काका, तुमची मागायची राहूनच गेली. शेवटचा नमस्कार.