देवी मांडीवर अन् टायर बसलेला

खरं सांगतो, त्या दिवशी मी देवीवरच चिडलो होतो. आमच्या गावच्या देवीचा पितळी मुखवटा वाशिमला उजाळा द्यायला नेला होता आणि तो परत आणण्याचा मान यंदा आमच्या घरी आला. मी गाडी धुतली, उपास धरला, आईला घेऊन वाशिमला गेलो आणि मुखवटा घेऊन परत निघालो. मालेगाव सोडून किन्हीराजाच्या अलीकडे येतो न येतो तोच मागचा डावा टायर बसला. आता तुम्हीच सांगा, तिचंच काम करायला निघालेल्या माणसाची अशी फजिती करायची असते का? मी स्टिअरिंगवर हात आपटून म्हटलं, "माय, तुले दुसरं कोनी भेटलं नाही का वं?"

मागच्या सीटवर आई मुखवटा मांडीवर घेऊन बसली होती. आमच्याकडे नेम असा, की मुखवटा ज्याच्या मांडीवर बसला त्याने वाटेत जमिनीला पाय लावायचा नाही, थेट देवळातच उतरायचं. कोणी घातला, कधी घातला, कोणाला माहीत नाही. पण मोडायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती.

ट्रक अगदी खेटून जात होते, म्हणून मी गाडी जमेल तितकी कडेला घेतली. आणि कड तरी कसली! डांबर संपलं की काळी माती, आदल्या दिवशीच्या पावसाने लोण्यासारखी झालेली, आणि लगेच पलीकडे नाला. रस्ता करणाऱ्यांना कडेला मुरूम टाकायची काय लाज वाटली देव जाणे. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना दगड लावले, मागे रस्त्यावर बाभळीची फांदी टाकली, जॅक लावण्याआधीच नट सैल करून घेतले. सगळं शिस्तीत. राहिलं एकच. गाडी जॅकवर उचलताना आत माणूस बसलेलं चालत नाही.

"आई, उतर."

"मी उतरत नाही. नेम हाय."

"अवं, जॅक मातीत दबून राह्यला! गाडी घसरली तं?"

"देवी हाय ना मांडीवर. तिचं ती पाहीन."

मी विनवण्या केल्या, ओरडलो. आई डोळे मिटून नामस्मरण करत बसली. जॅकखाली सपाट दगड घातला, तोही दांडा फिरवला की आत जायचा. चाक जेमतेम उचललं गेलं आणि गाडी जराशी हलली. वर उचलावी तर भीती, खाली घ्यावी तरी भीती, आणि आत माझी माय. मी दांडा सोडून दिला आणि रडवेला होऊन देवीलाच मोठ्याने म्हटलं, "तुह्या नेमापायी माही माय मरनार असन, तर मले नको तुहा नेम! आता तूच पाह्य काय करतं ते."

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. नवरा-बायको, दोघंही पन्नाशीचे. बाई उतरली ती थेट आईच्या दाराशी.

"काहून वं मावशी, पोराले रडवून राह्यली?"

आईने नेम सांगितला.

"मांडीच पाह्यजे ना देवीले? माही घे!" बाईने पदर पसरला. "माती लागन तं तुह्या पायाले लागन, तिले काय होते? आन इकडं!"

आमच्या आईला असं दटावणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. वाटलं, आता आई हिला चांगली झाडते. पण आईने गुपचूप मुखवटा तिच्या पदरात दिला. बाई पुढे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर देवी मांडीवर घेऊन बसली. आई माझ्या खांद्याला धरून चिखलात उतरली. आम्ही कठड्यापाशी पोचलो न पोचलो तोच कड ढासळली, जॅक निसटला आणि गाडी तिरकी होऊन नाल्यात घसरली. आईच्या बाजूची काच दगडावर आपटून फुटली. त्या फुटक्या काचेकडे आई नुसती बघत राहिली.

एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी ओढून डांबरावर काढली. आईला कठड्यावरच बसवून मी चाक बदललं. तोवर बाईने देवी आईच्या मांडीवर परत दिली होती आणि ते नवरा-बायको मंगरूळपीरकडे निघूनही गेले होते. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

देवळात गाव वाट बघत होतं. उशीर का झाला ते कळल्यावर कुजबुज सुरू झाली. नेम मोडला, आता देवीची शांत करावी लागेल. माझं डोकंच फिरलं! बुढीला लागलं का, हे विचारायला एकाचं तोंड उघडलं नाही. मी बोलणार, तर आईच पुढे झाली.

"नेम मीच मोडला. अन् मोडाले तिनंच बाई धाडली. लेकराले काचेखाली मरू देईन, अशी माय हाय का आपली? सरका, बसवू द्या तिले!"

चिखलाच्या पायांनी ती पायऱ्या चढली. पाय धू म्हणायला कोणी धजलं नाही.

टायर देवीने बसवला की एखाद्या खिळ्याने, मला ठाऊक नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडून गोड बोलणं असं मी समजत होतो. मी तर भांडून, रडून तिच्यावर सोडलं, आणि तिने तेही पदरात घेतलं. त्या कडेचा, त्या कुजबुजीचा राग अजून गेलेला नाही. पण आज सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून आई माझ्यावर केवढी ओरडली! मी तिथेच, कप हातात धरून, देवीला मनातल्या मनात हात जोडले.