यंत्रावरचं कुंकू

आमच्या भागातल्या महिला मंडळाचं ऑक्सिजनचं यंत्र सध्या आमच्या घरी, बाबांच्या पलंगाशेजारी आहे. कुठल्याशा ट्रस्टच्या छोट्या अनुदानातून मंडळाने ते घेतलं. एकच. ज्याला श्वास पुरत नाही त्याच्या घरी ते जातं, आणि गरज संपली की परत येतं.

दसऱ्याला मंडळातल्या बायकांनी त्याची पूजा केली होती. बटणावर लावलेलं हळदीकुंकू अजून तसंच आहे. यंत्र घरघरतं, कुंकवाचा कण कण थरथरतो आणि मी बाबांच्या छातीकडे बघत बसते.

यंत्र आणायला गेले, तेव्हा कुणीतरी ते नुकतंच परत केलं होतं. "आधी कुणाकडे होतं?" मी विचारलं. मंडळाच्या शोभाकाकू नवी नळी जोडत म्हणाल्या, "ते विचारायचं नाही गं. परत आणणाऱ्याला आम्हीसुद्धा काही विचारत नाही."

तेव्हापासून या मदतीचीच मला धास्ती वाटते. मदत एवढीशी आणि तिच्यावर अख्खा माणूस टेकलेला. दिवा जरा लुकलुकला तरी मी उठून यंत्राचा प्लग चाचपते. हे यंत्र इथून दोनच कारणांनी परत जाईल, आणि त्यातलं कोणतं, हा विचार मी पुरा करत नाही.

आज काकूंचा फोन आला. "बाबा कसे आहेत गं?" त्यांच्यामागे कुणाची तरी धाप स्पष्ट ऐकू येत होती.

"अजून लागतंय यंत्र," मी म्हणाले. फोन ठेवला आणि भरदुपारी दाराला कडी घातली.