आठ-दहाची गाडी

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं माझ्या जीपमध्ये सवाऱ्यांची वाट पाहत बसलो होतो. फाट्यावरच्या कडुलिंबाखाली जीप उभी. पुढच्या सीटवर माझी बायको इंदू, मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. कितीतरी महिन्यांनी तिला दर्यापूरच्या बाजारात जावंसं वाटलं होतं. दोन सवाऱ्या कमी होत्या. ती तीनदा म्हणाली, "अवो, काढा ना गाडी." मी तीनदा म्हणालो, "दोन येऊ दे." तास झाला. सांबारानं मान टाकली. ती उतरली. "ऱ्हाऊ द्या. तुमची गाडी भरेपर्यंत याचा पाला होते," म्हणाली आणि पायी घरी गेली.

इंदू माळ्याची पोर. सांबार, पालक, दिवाळीला शेवंती, जे निघेल ते टोपल्यात भरून ती रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांच्या लाल सरकारी गाडीनं दर्यापूरला जायची. नवऱ्याची स्वतःची जीप, अन् बायको लाल गाडीत! फाट्यावरचे लोक दात काढायचे. एकदा चारचौघांत मी विचारलं, "काहून व, माही जीप काय बैलाची रेंगी हाये?"

"तुमची जीप माणसं मोजते. लाल गाडी घड्याळ पाह्यते. मी एकटी असली तरी निघते."

मला ते झोंबलं.

लाल गाडीचा ड्रायव्हर होता रशीद. टोपलं दुरून दिसलं की हा गडी गाडी रोखून धरायचा. मी म्हणालो, "घड्याळ पाह्यणारी गाडी तुह्यासाठी बरी थांबते?" ती म्हणाली, "रशीदभाऊले टोपलं दिसते. तुमाले कधी दिसलं?" ती बसायची त्याच्या मागच्याच सीटवर. पालक कुठे महाग झाला, त्याच्या पोरीचं कुठे जमलं, सगळं तिला माहीत. रोज एक शेवंती ती त्याच्या काचेपाशी ठेवायची. माझ्या जीपला हार फक्त दसऱ्याला. मी हे मोजत होतो. कोणाला सांगितलं नाही, पण मोजत होतो.

बायांचं तिकीट अर्धं झालं तेव्हा तिनं ते घरी आणून देवाच्या फळीवर ठेवलं. मी म्हणालो, "माह्या जीपमधी तर तुले फुकट हाये."

"फुकट म्हणूनच तर. सवारी आली का तुमी मले उठोता, मांगं टपावर टोपलं फेकता. तिथं तिकीट काढलं का सीट माही. कलेक्टर आला तरी उठत नाही मी."

खरं होतं. मी तिला दोनदा उठवलं होतं. पण खरं बोललं म्हणून राग कमी होतो थोडाच.

मग मी जीप बरोबर आठला लावायला लागलो. "दर्यापूर, दर्यापूर" ओरडायचो, पाच रुपये कमी घ्यायचो, लाल गाडीच्या आधीच फाटा साफ करून टाकायचो. रशीदच्या गाडीत इंदू अन् शाळेच्या दोन पोरी. मला वाटायचं, आता पाहू कशी एकटीसाठी निघते. तरी ती निघायची.

एक दिवस डेपोचे साहेब कागद घेऊन आले. म्हणाले, "आता प्रत्येक फेरीनं आपला खर्च आपण काढायचा. वरून तसा हुकूम आहे." मला विचारलं, इथून किती बसतात. मी म्हणालो, "कोणी बसत नाही साहेब. फुकट डिझेल जाळता." महिन्यात गाडी बंद झाली. नव्या चकचकीत गाड्या आल्या त्या ठेक्याच्या, मोठ्या रस्त्यानं सुसाट जाणाऱ्या. आमच्या फाट्याकडे त्या वळत नाहीत. अर्धं तिकीट अजून आहे, काढायला गाडी नाही. रशीद तेव्हाच रिटायर झाला.

इंदूनं मला एकदाच विचारलं. "साहेबाले तुमीच सांगतलं ना?" मी भाकर मोडत राहिलो. "ते गाडी काय तुमची सवत होती?"

पंधरा दिवस ती माझ्या जीपमध्ये आली. आता शर्यत नव्हती, गच्च भरल्याशिवाय मी निघत नव्हतो. जीप भरायची नऊला, कधी साडेनऊला. दर्यापूरचं गिऱ्हाईक तोवर घेऊन मोकळं झालेलं. तिनं टोपलं छपरीत पालथं घातलं. मी जिंकलो होतो. पण आठ-दहा झाले की ती हातातलं काम टाकून दारात यायची, रस्त्याकडे पाहायची. तेवढा वेळ ती माझी नसायची. बंद पडलेल्या गाडीवर जळणारा माणूस मीच असेन.

तर त्या शेवटच्या दिवशी घरी जाऊन तिनं जुड्या पाण्यात ठेवल्या. मी जेवायला आलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. हाक मारली, ओ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. जुड्या मात्र पाण्यात पुन्हा ताठ झाल्या होत्या.

दिवस बुडायच्या आत तिला नेलं. रशीद कोणाच्या तरी मोटरसायकलवर आला. "भाभी कधी एक मिनिट गाडीत गप बसल्या नाही," म्हणाला आणि पोरासारखा रडला. मला रडू येत नव्हतं. त्याला येत होतं, हेही मला पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप काढली. शेजारी म्हणाला, "काका, सुतकात गाडी काढून राह्यले?" मी जुड्या पुढच्या सीटवर ठेवल्या, तिच्या जागी. फाट्यावर जाऊन कडुलिंबाखाली उभा राहिलो. आठ-दहा झाले. पानठेलेवाला ओरडला, "थांबा जराक, कोणी ना कोणी येईनच!"

मागे एकही सवारी नव्हती. मी गाडी काढली.